चिनाबला तोटी नाही

"सिंधू करार रद्द, बटण दाबलं की पाकिस्तान महिन्याभरात कोरडा, आणि तेच पाणी आता मराठवाड्याला!" हा मजकूर कधीपासून फिरतोय. आता तो मामांनी घरच्या ग्रुपवर टाकलाय, वर 'वाचा आणि पुढे पाठवा'.

करार रद्द झालेला नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर 23 एप्रिल 2025 ला भारतानं तो स्थगित केला. भारत-पाकिस्तानमधल्या 1960 च्या या पाणीवाटपाच्या करारातून एकट्यानं बाहेर पडायची वाटच नाही. तो संपवायचा तर दोघांनी नवा करार करावा लागतो. स्थगिती म्हटलं की देशातल्या लोकांना कणखरपणा दिसतो आणि परतीचं दारही उघडं राहतं.

आता ते बटण. सिंधू, झेलम, चिनाब या करारात पाकिस्तानच्या वाट्याला गेलेल्या पश्चिमेकडच्या नद्यांचं सरासरी वार्षिक पाणी सुमारे 135 दशलक्ष एकर-फूट. आपल्या भाषेत 5,880 टीएमसी, म्हणजे 105 टीएमसीच्या छप्पन्न कोयना. करारानं भारताला या नद्यांवर 3.6 दशलक्ष एकर-फूट साठा करायची मुभा दिली, जेमतेम दीड कोयना, आणि तेवढाही आपण बांधला नाही. चिनाबवरचं बगलिहार धरण वीज करतं आणि पाणी पुढे सोडतं. तिथे रोज खालीवर करता येणारा साठा करारानुसार नेमलेल्या तटस्थ तज्ज्ञाच्या 2007 च्या निवाड्यानुसार 32.56 दशलक्ष घनमीटर, सव्वा टीएमसीसुद्धा नाही. पावसाळ्यात नदीला 55 हजार क्युसेक धरा, आणि हा काही पुराचा आकडा नव्हे. तेवढा साठा सहा तासांत भरतो. मग दारं उघडायचीच, नाहीतर धरण जाईल.

अर्धसत्य आहे, तेही सांगतो. हिवाळ्यात प्रवाह सहा हजार क्युसेकपर्यंत घसरला तर हाच साठा भरायला दोन दिवस लागतात. पेरणीच्या तोंडावर दोन दिवस पाणी अडवून मग एकदम सोडलं, तर खालच्या कालव्यांचं वेळापत्रक कोलमडतं. त्रास होतो, वाळवंट होत नाही. आणि पाकिस्तानची धास्ती हवेतली नाही. 1 एप्रिल 1948 ला भारतातल्या पूर्व पंजाबनं पाकिस्तानात जाणारे कालवे बंद केले आणि ते सुरू व्हायला मे उजाडला. म्हणून पाणी अडवणं म्हणजे युद्धच, असं इस्लामाबादनं 2025 मध्ये लगेच जाहीर केलं.

'ऐंशी टक्के पाणी दान दिलं' हेही त्याच मजकुरात. टक्केवारी साधारण बरोबर, 'दान' नाही. बदल्यात सतलज, बियास, रावी पूर्ण आपल्याकडे आल्या. पाकिस्तानला पर्यायी कालवे बांधायला आपण 6 कोटी 20 लाख 60 हजार पौंड मोजले, हे मात्र खरं.

मराठवाड्याचं तर काय सांगावं! चिनाब अखनूरला मैदानात उतरते ती साधारण 300 मीटर उंचीवर. जायकवाडी भरतं सुमारे 464 मीटरला, आणि वाटेत नर्मदा, सातपुडा, तापी.

स्थगितीनं खरोखर थांबली ती माहितीची देवाणघेवाण. मे 2025 मध्ये बगलिहार आणि चिनाबवरच्याच सलाल धरणातला गाळ पाकिस्तानला न कळवता धुऊन काढला. ऑगस्टमध्ये जम्मूतून पाकिस्तानात जाणाऱ्या तावी नदीला पूर येणार हे भारतानं कळवलं, पण करारानं नेमलेल्या दोन्ही देशांच्या सिंधू आयोगामार्फत नाही, इस्लामाबादच्या आपल्या उच्चायुक्तालयातून, माणुसकी म्हणून.