‘गाठ गेली, आता गोळी सोडा’ म्हणणाऱ्यांना

जिस्ट, म्हणजे जठर-आतड्याच्या भिंतीत होणाऱ्या कॅन्सरच्या गाठीबद्दल एक मेसेज सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: तपासणीसाठी सुई लावली की गाठ पसरते. इमॅटिनिब ही जिस्टवरची गोळी म्हणजे केमोच. महिनाभरात गाठ लहान झाली नाही तर गोळी फुकट, झाली तर बंद करा. आणि स्वस्त भारतीय गोळी निकामी.

सुईचं आधी. ही गाठ नाजूक असते आणि फुटली तर धोका वाढतो, एवढं खरं. म्हणूनच ती सरळ काढता येणार असेल तर सर्जन कधीकधी बायोप्सी (सुईने तुकडा काढून तपासणं) टाळतात. पण शस्त्रक्रियेआधी गोळी द्यायची असेल तर तुकडा तपासावाच लागतो. तो शक्यतो दुर्बिणीतून, जठराच्या आतून घेतात.

केमो? नेहमीच्या केमोला जिस्ट जवळपास दादच देत नाही. बहुतेक जिस्टमध्ये ‘किट’ जनुक बिघडून पेशींना ‘वाढा’ असा हुकूम सतत मिळत राहतो. इमॅटिनिब तो हुकूम अडवते. डोळ्यांभोवती सूज, पायांत गोळे, मळमळ हे त्रास होतात, नाही असं नाही. आणि ‘डी ८४२ व्ही’ नावाचा जनुकातला बदल असलेल्या गाठीवर ती चालत नाही, म्हणून जनुक चाचणी करून घ्यावी.

आता खरा घोळ. गोळी लागू पडली तरी गाठ सुरुवातीला तेवढीच राहू शकते, सूज येऊन मोठीही दिसू शकते. पण सीटी स्कॅनवर तिची घनता उतरलेली असते, ती गोळी लागू पडल्याची खूण. नुसते सेंटिमीटर वाचून घरी निकाल लावणारे इथेच फसतात.

‘गेली, बंद करा’ हे तर सर्वांत घातक. पसरलेल्या जिस्टमध्ये आजार आटोक्यात असताना गोळी थांबवून पाहणारी चाचणी फ्रान्समध्ये झाली. बहुतेकांचा आजार पुन्हा वाढला. शस्त्रक्रियेनंतर जास्त जोखीम असेल तर किमान ३ वर्षं गोळी घेतात. पसरलेला असेल तर ती लागू पडते आणि सोसते तोवर.

राहिली स्वस्ताई. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीचा ग्लिव्हेकवरचा, म्हणजे तिच्या ब्रँडच्या इमॅटिनिबवरचा, पेटंटचा दावा फेटाळला, म्हणून इथल्या कंपन्यांची स्वस्त गोळी मिळत राहिली. मुंबईचीच कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन त्या लढ्यात होती. अशा मान्यताप्राप्त जेनेरिकमध्ये, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या गोळीत, औषध तेच असतं. ब्रँड बदलल्यावर त्रास वेगळा वाटला, तर गोळी सोडू नका, डॉक्टरांना विचारा.