आधी स्क्रीन, मग सीपीयू

हे डिसेंबर २०२५ मध्ये लिहितोय. ६ जानेवारी २०२६ ला लास व्हेगासला सीईएस हे इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं प्रदर्शन सुरू होतंय. बेळगावात सध्या सगळीकडं सुवर्ण विधानसौधातल्या अधिवेशनाची चर्चा आहे, लॉजमध्ये खोली मिळेना झालीय. माझं लक्ष मात्र त्या प्रदर्शनाकडं लागलंय. वर्षभरात बाजारात आणायचे मॉनिटर कंपन्या तिथं मांडतात आणि येत्या वर्षात मला त्यातला एक घ्यायचाय. अ‍ॅपलचा स्टुडिओ डिस्प्ले हा मॉनिटर मार्च २०२२ मध्ये आला. त्याला चार वर्षं होत आली, डिसेंबर २०२५ पर्यंत तरी त्याच्या जागी नवा आलेला नाही. त्याचीही वाट बघतोय.

"अजून मशीन घेतलं नाहीस होय रे?" असं बरेच जण विचारतात. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा इथं सविस्तर लिहितो. प्रेसवाले, फोटो स्टुडिओवाले, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतले ड्रॉइंगवाले, सगळ्यांनी वाचावं असं मनापासून वाटतं.

शहापूरला माझं डीटीपीचं काम आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, गणेश मंडळांच्या पावत्या, दुकानांच्या पाट्या. मराठी आणि कन्नड दोन्ही, बऱ्याचदा एकाच कागदावर. पाटीवर ६० टक्के कन्नडचा कायदा २०२४ मध्ये झाल्यापासून पाटीच्या डिझाइनमध्ये कन्नड वर आणि मोठं, मराठी खाली आणि बारीक. अख्खी पाटी स्क्रीनवर मावेल एवढी केली की खालची मराठी ओळ नुसती काळी रेघ दिसते. पत्रिकेत तर दोन्ही लिप्या बारीकच असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या कामाला लागणारा प्रोसेसर बाजारात कधीचाच आलाय. मागं राहिलीय ती स्क्रीन. सीपीयूवर दीड लाख घालून त्याला आठ हजारांचा मॉनिटर लावायची आपल्याकडची पद्धत उलटी करा.

आपल्याकडं बहुतेक प्रेसमध्ये २४ इंची फुल एचडी मॉनिटर असतो. १९२० बाय १०८० ठिपके, म्हणजे इंचाला साधारण ९२. २७ इंची फाइव्ह-के स्क्रीनमध्ये ५१२० बाय २८८० ठिपके असतात, इंचाला २१८. तेवढ्याच जागेत साडेपाच पट ठिपके. आता पत्रिकेच्या तळाला निमंत्रकांची नावं असतात, ती आठ पॉइंटात. आठ पॉइंटचं अक्षर प्रत्यक्ष आकारात बघितलं तर फुल एचडीवर त्याच्या वाट्याला उभे दहाच ठिपके येतात. इंग्रजी अक्षर दहा ठिपक्यांत कसंबसं बसतं. आपल्या अक्षराला त्या दहातच शिरोरेघ पाहिजे, तिच्यावर वेलांटी, रफार, अनुस्वार पाहिजे, खाली उकार पाहिजे, आणि 'ष्ट्र' किंवा 'क्ष्म' आलं तर मधे तिघं-तिघं दाटीनं उभे. फाइव्ह-केवर तेच दहा ठिपके चोवीस होतात.

फरक कुठं पडतो ते सांगतो. रुपाली की रूपाली? 'रु' आणि 'रू' यांच्यात फरक तो काय, उकाराच्या शेपटीचं वळण. मुलीच्या बापाला मात्र तो फरक फार मोठा असतो आणि असायलाच पाहिजे. कन्नडमध्ये 'प' आणि 'ष' यांच्यात पोटातल्या एका रेघेचा फरक आहे. अक्षराच्या पायाशी बसणारी ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरातली दुसरी अक्षरं, तर फुल एचडीवर चिकटून एक गोळा होतात. कन्नड ही माझी शाळेची भाषा नाही, त्यामुळे मी ती अंदाजानं वाचू शकत नाही. मला अक्षर दिसावंच लागतं.

मग आपण सगळे काय करतो? झूम. चारशे टक्के करून नाव वाचायचं, परत पान पूर्ण करायचं, परत झूम. झूममध्ये शब्द दिसतो पण पान हरवतं. गणपतीचं चित्र मजकुराला जड झालंय का, दोन कुटुंबांची नावं समतोल बसलीत का, हे कळायला अख्खं पान आणि अख्खं अक्षर एकाच वेळी समोर पाहिजे. परवा खानापूरचे एक काका शेजारी बसून मुलाची पत्रिका तपासत होते. चष्मा पुढं-मागं करून शेवटी म्हणाले, "दिसतंय की ओ, पण वाचाय येईना. छापून द्या, घरात सगळ्यांनी वाचून सांगतो." प्रिंट काढून दिली. हंगामात असे कागद किती जातात ते प्रत्येक प्रेसवाल्याला माहीत आहे. काकांची नजर अजून चांगली आहे, कमी आहेत ते स्क्रीनवरचे ठिपके.

मॅक लावून हे आपोआप सुटेल असं समजू नका. कमी ठिपक्यांच्या स्क्रीनवर अक्षर गुळगुळीत दाखवण्याची एक जुनी युक्ती मॅकमध्ये होती, ती २०१८ च्या मोहावी या आवृत्तीपासून अ‍ॅपलनं काढून टाकली. त्यामुळे साध्या मॉनिटरवर मॅकचं अक्षर विंडोजपेक्षाही पुसट वाटतं. मॅक घेऊन जुना मॉनिटर ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता ओएलईडीबद्दल, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देणाऱ्या स्क्रीनबद्दल. सगळे यूट्यूबवाले ओएलईडीच्या मागं लागलेत. काळा रंग खरोखर काळा दिसतो, व्हिडिओ सुंदर दिसतो, मान्य. पण २०२५ पर्यंत बाजारात आलेल्या क्यूडी-ओएलईडी या त्यातल्या प्रकारात लाल, हिरवा आणि निळा ठिपका एका ओळीत नसतात, त्रिकोणात बसवलेले असतात. हिरवा वर, लाल-निळा खाली. याचा परिणाम आडव्या रेघेच्या कडांवर होतो: एका कडेला हिरवट झाक, दुसऱ्या कडेला गुलाबीसर. इंग्रजीत उभ्या रेघा जास्त, आडव्या कमी आणि तुटक, म्हणून तिकडच्या परीक्षणांत हा दोष दोन वाक्यांत उरकतात. आपल्या लिपीत तर ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघच ओढलेली असते. पांढऱ्या पानावर काळी शिरोरेघ आणि तिला दोन्हीकडून रंगीत किनार, असं दिवसभर बघत बसायचं. शिवाय आमच्या सॉफ्टवेअरचे टूलबार दिवसभर एकाच जागी असतात, तिथं डाग पडायची भीती वेगळीच. तिन्ही रंग सरळ पट्टीत बसवलेलं, दाट ठिपक्यांचं ओएलईडी परवडणाऱ्या भावात आलं तर मी नक्की विचार करीन. सीईएसला माझी नजर पहिली तिथंच जाणार. तोवर चांगलं आयपीएस किंवा मिनी-एलईडी, म्हणजे मागून उजेड टाकणारी एलसीडी स्क्रीन.

रंगाचं दुखणंही तेवढंच खरं आहे. शिवजयंतीचा भगवा आणि कर्नाटक राज्योत्सवाचा लाल-पिवळा, दोन्ही एकाच दुकानात तयार होतात. स्क्रीनवर भगवा झगझगतो आणि फ्लेक्सवर येतो विटकरी. शाईला तेवढा चमकदार केशरी काढताच येत नाही. चांगला मॉनिटर शाई सुधारणार नाही, पण प्रेसचं योग्य प्रोफाइल (शाई-कागदाच्या रंगांची नोंद) लावून कॅलिब्रेट केलेल्या, म्हणजे रंग मोजून जुळवलेल्या स्क्रीनवर तो विटकरीपणा छापण्याआधी दिसतो. मंडळाचे कार्यकर्ते शेजारी बसलेले असतानाच दाखवता येतो. चित्ररथाच्या आदल्या रात्री वाद घालण्यापेक्षा ते फार बरं.

आणि पृष्ठभाग मॅट पाहिजे. आमची दुकानं शटर वर करून चालतात, समोर रस्ता, दुपारी थेट उजेड. आरशासारख्या स्क्रीनमध्ये स्वतःचा चेहरा आणि मागून जाणाऱ्या रिक्षा बघत काम करायचं नाही मला.

सीपीयूचं बोलायचं तर घाई कशामुळे चाललीय ते माहीतच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. प्रेसमधली जुनी आय-थ्री मशीनं त्यात बसत नाहीत. म्हणून सगळे एकदम मशीन बदलायला निघालेत, आणि नेमकी आत्ताच रॅम भडकलीय. एआयच्या डेटा सेंटरसाठी लागणारी महागडी मेमरी बनवण्याकडं सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन वळलेत, आपल्यासारख्यांच्या वाट्याला कमी माल येतो. मायक्रॉननं तर याच महिन्यात, ३ डिसेंबर २०२५ ला, ग्राहकांसाठीचा क्रुशल ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. कोटेशन घेतलं तर दुकानदार सांगतो, "दादा, हा रेट आजचा. उद्याचं उद्या विचारा." त्याच्यावर चिडून उपयोग नाही, त्यालाही वरून तसंच सांगतात.

अशा वेळी भरपूर रॅम आणि मोठं ग्राफिक्स कार्ड घालून राक्षसी मशीन जोडायचा हट्ट ज्याला खरी गरज आहे त्यानंच करावा. लग्नाचे फोर-के व्हिडिओ एडिट करणारे, उद्यमबागेत शेकडो पार्टची असेंब्ली उघडणारे, यांना ताकद लागतेच. लॅपटॉप तासाभरात तापून मंदावतो, डेस्कटॉप दिवसभर तोच वेग टिकवतो. "डेस्कटॉपचा जमाना गेला" म्हणणाऱ्यांनी एकदा व्हिडिओ मिक्सिंगवाल्याकडं रात्र काढावी. पण त्यांनीही विजेचा हिशोब करावा. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० हे एकटं कार्ड ५७५ वॅटपर्यंत ओढतं. त्याला वडगाव-खानापूर भागातली वीज आणि टेबलाखालचा छोटा यूपीएस कसा पुरणार? मार्च २०२५ मध्ये आलेला मॅक स्टुडिओ हा डेस्कटॉप, अगदी एम-३ अल्ट्रा या मोठ्या चिपचा घेतला तरी, अख्खं मशीन मिळून त्या कार्डाच्या निम्म्याहून कमी वीज घेतो. मला हा मुद्दा वेगापेक्षा मोठा वाटतो.

माझ्यापुरतं गणित वेगळं आहे. एम-४ चिपचा मॅक मिनी हा छोटा डेस्कटॉप २०२४ च्या शेवटी ५९,९०० ला आला, तोही १६ जीबी मेमरीसह. पत्रिका आणि अहवालांना तो भरपूर झाला. त्याच्या शेजारी विंडोजचं मशीन ठेवावंच लागणार, कारण जुन्या मराठी फायली श्रीलिपी आणि कन्नड नुडी या विंडोजवरच्या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये अडकल्यात आणि गिऱ्हाईक दरवर्षी "मागच्या वर्षीचंच काढा, तारीख तेवढी बदला" म्हणतं. म्हणजे मशीन दोन, स्क्रीन एक.

इथंच २०२२ चा स्टुडिओ डिस्प्ले, तोही २७ इंची फाइव्ह-केच, मला अडतो. आला तेव्हा किंमत १,५९,९००, आणि कॉम्प्युटर जोडायला थंडरबोल्टचं एकच तोंड. एचडीएमआय नाही, डिस्प्लेपोर्ट नाही. अक्षर अप्रतिम दिसतं, पण दोन मशीनवाल्या दुकानदाराचा विचार त्यात केलेलाच नाही. नव्यात निदान दोन इनपुट द्यावेत, एवढीच माझी मागणी आहे. जास्त रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र बदलायचा वेग) आला तर आनंद, नाही आला तर माझं अडत नाही. दुसऱ्या बाजूला असूसनं प्रोआर्ट मालिकेत फाइव्ह-के आणि सिक्स-के दोन्ही काढलेत, तेही बरेच स्वस्त आणि सगळ्या पोर्टांसह. सॅमसंग, एलजी, डेल पण आहेत. २०१४ मध्ये २७ इंची फाइव्ह-के आयमॅक आला तेव्हा असं अक्षर बघायचं तर आख्खं मशीन घ्यावं लागायचं, आणि २०२२ मध्ये तो आयमॅकही बंद केला. आज निदान निवड आहे. म्हणून मॉनिटरसाठी थांबण्यात मला काहीच चूक वाटत नाही. सीपीयू पाच वर्षांत जुना होतो. चांगली स्क्रीन दोन सीपीयू पचवून उरते.

राहिला बघण्याचा प्रश्न, आणि यावर मला मनापासून राग आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन दिवसांच्या अंतरानं अ‍ॅपलची दोन दुकानं उघडली, २ तारखेला बेंगळुरूत आणि ४ तारखेला पुण्यात. दोन्ही शहरं एकाच हायवेवर, मधे आपण. वंदे भारत आता दोन्हीकडं जाते. तरी दीड लाखाची वस्तू डोळ्यांनी बघायला बेळगावच्या माणसानं गाडी पकडून जायचं आणि एक दिवस दुकान बंद ठेवायचं? आणि तिथं जाऊन दिसतात काय, तर हिमालय आणि फुलं. त्यात माझा आठ पॉइंटचा 'ष्ट्र' कुठं दिसणार? आपल्या शहरात प्रेस आहेत, वर्तमानपत्र आहे, फौंड्र्या आहेत, वडगाव-शहापुरात साड्यांच्या डिझाइनचं काम कॉम्प्युटरवर चालतं. एवढ्या सगळ्यांत मिळून एक फाइव्ह-के डेमोला लावायला गावातल्या एखाद्या डीलरला काय हरकत आहे? डबा न उघडता "सर, घ्या, आवडेल" म्हणून विकायची ही वस्तू नव्हे. डीलर मित्रहो, एक मॉनिटर उघडा. गिऱ्हाईक मी आणतो.

लग्नसराईतले माझे पैसे मार्चपर्यंत मोकळे होतील. तोवर सीईएसला काय येतं आणि अ‍ॅपल काय करतं ते दिसेल. अ‍ॅपलनं नवा आणला आणि त्यात दोन इनपुट असले तर तो, नाहीतर असूसचा २७ इंची.

बेळगाव, निपाणी, संकेश्वर, खानापूर भागात कुणाकडं फाइव्ह-के किंवा सिक्स-के मॉनिटर असेल तर कृपया कमेंटमध्ये सांगा. रविवारी तासभर येतो. एक मराठी पत्रिका, एक कन्नड अहवालाचं पान आणि शिवजयंतीचा एक फ्लेक्स अशा तीन फायली पेनड्राइव्हवर घेऊन येईन, त्या तुमच्या स्क्रीनवर उघडू. जे दिसेल त्याचे फोटो इथंच टाकतो, म्हणजे बाकीच्यांनाही उपयोग होईल.