हंपीचे फोटो ग्रुपवर टाकताना

हंपीला जाऊन आलात ना? मग आता फोटो निवडत बसायचा करंटेपणा करू नका. निवडायचे म्हणजे काही गाळायचे, आणि पेट्रोलला एवढे पैसे घातल्यावर गाळायचं काय म्हणून? चारशेच्या चारशे फॅमिली ग्रुपवर ओता. क्रमाची फिकीर नको. मातंग टेकडीवरचा सूर्योदय, मग होस्पेटच्या लॉजचा बाथरूम, मग पुन्हा सूर्योदय. आत्याला वाटेल, पोरगा दोन दिवस पहाटे उठला!

श्रीगणेशा हायवेवरच्या इडलीने करा. प्लेट भरलेली, प्लेट अर्धी, प्लेट रिकामी. गोष्टीला सुरुवात, मध्य आणि शेवट लागतो म्हणतात, तो इथेच उरकला.

विरूपाक्षाच्या देवळात मागच्या बाजूला एक अंधारी जागा आहे. तिथे बारीक झरोक्यातून उजेड येतो आणि सुमारे 50 मीटर उंचीचं गोपुर भिंतीवर उलटं उमटतं. कॅमेऱ्याचा शोध लागायच्या आधीपासून चालू असलेला कॅमेराच तो. इथे फ्लॅश मारायला विसरू नका. गोपुर गायब होईल, पण भिंत काय लख्ख येते!

विठ्ठल मंदिरातला दगडी रथ 50 रुपयांच्या नोटेवर आहे. तेव्हा नोट काढून कॅमेऱ्यासमोर धरायची, हे ठरलेलंच. नोटेआड रथ झाकला गेला तरी बिघडत नाही, नोटेवर आहेच की.

याच देवळाचा गाभारा मात्र रिकामा आहे. कृष्णदेवरायाने पंढरीचा विठोबा इकडे आणला आणि नाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत नेला, अशी आपल्याकडची कथा. आषाढीला पहाटेपासून ग्रुपवर विठ्ठल पाठवणाऱ्या मंडळींना त्या मोकळ्या जागेचा फोटो कशाला? फोटोत काहीतरी दिसायला नको? अगदीच राहवलं नाही तर काकूंना मधोमध उभं करा.

1565 साली तालिकोटच्या लढाईत विजयनगर हरलं आणि राजधानी लुटली गेली. नरसिंहाच्या मांडीवरची लक्ष्मी फुटली. तिचा हात तेवढा अजून त्याच्या पाठीवर आहे. काही हौशी लोक मागे जाऊन, मान वाकडी करून नेमका तो हात टिपतात. रिकामटेकडे! तुम्ही पावणेसात मीटरच्या मूर्तीसमोर उभे राहा, दोन बोटं वर करा, पुढे चला. आणि तुंगभद्रेत गोल नाव फिरवणारा नावाडी चुकून फ्रेममध्ये आलाच तर कापून टाका. तो काय आपल्या ग्रुपमध्ये आहे?

मग निवांत बसा. 'मस्त', 'खूपच छान', मामांचा अंगठा, सगळं येईल. एखाद्या भाच्याने विचारलंच की हंपीत नेमकं पाहायचं काय, तर बिनधास्त सांगा: दगड.