आधी तिला विचारा, रात्री किती झोपतेस?

कॉलेजातल्या मुलीची पाळी दोन-तीन महिने आली नाही, तोंडावर पुरळ उठलं, केस गळायला लागले, की घरात सगळे तर्क एकदम सुरू होतात. बाहेरचं खाते, जेवायच्या वेळा पाळत नाही, मोबाईल हातातून सुटत नाही. मग आवाज खाली करून "पुढं लग्नाला अडचण यायची" हेही कोणीतरी बोलतं. मेडिकलमधून गोळ्या येतात, सोनोग्राफी होते. "तू रात्री किती वाजता झोपतेस आणि किती वाजता उठतेस?" एवढं मात्र तिला कोणी विचारत नाही. मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. इतक्या मुली डोळ्यांसमोरून गेल्यावर माझं ठाम मत झालंय की हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, आणि उत्तर ऐकल्यावर दोष तिच्यावर ढकलून मोकळं होता येणार नाही.

सकाळच्या प्रॅक्टिकलला येणारी एक मुलगी आहे. राधानगरीच्या बाजूच्या गावातली. मायक्रोस्कोपवर वाकलेली असतानाच तिचे डोळे मिटायचे. एकदा बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाली, "मॅडम, साडेचारला उठतो. पाणी पाचला येतंय, ते भरायचं. भाकरी थापायच्या, सगळ्यांचे डबे भरायचे. डेअरीला दूध घालून आलो की गाडीची वेळ हुती." एसटीत बसायला जागा मिळेलच असं नाही. संध्याकाळी घरी पोचल्यावर स्वयंपाक, भांडी. घर झोपलं की दहानंतर पुस्तक उघडायचं, जर्नल लिहायचं. झोपायला साडेबारा. म्हणजे चार तास. "आणि भाऊ?" विचारलं. तोही कॉलेजलाच आहे. तो सातला उठतो.

तिच्या आईला मी अजिबात नावं ठेवणार नाही. ती बाई दिवसभर दुसऱ्याच्या शेतात भांगलायला जाते, तिचीही झोप कधी पुरी झालेली नाही. पण एका घरात दोघं शिकतात आणि कामाची वेळ आली की हात फक्त मुलीच्याच झोपेला घातला जातो, हे आपण सगळे बघतो आणि गप्प बसतो. भाकरी भावाला थापता येत नसतील, तर डेअरीला दूध तरी तो घालू शकतो की. पाऊण तास तिथेच वाचला.

अठरा ते पंचवीस या वयात शरीराला रोज सात ते नऊ तास झोप लागते. ती मिळाली नाही तर पाळीचं नेमकं काय होतं, हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. तो ठरावीक अंतराने जीएनआरएच हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, सोडतो. त्यावर मेंदूतलीच पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही आणखी दोन संप्रेरकं सोडते, त्यावर बीजकोष काम करतो, बीज तयार होऊन बाहेर पडतं आणि पुढे पाळी येते. सगळा कारभार वरून खाली चालतो. ताण वाढला, झोप तुटली, त्यात पोटभर खाणंही नसलं, की कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचं वेळापत्रक बिघडतं आणि हायपोथॅलॅमसच्या त्या ठरावीक ठोक्यांची लय मोडते. मग बीज वेळेवर बाहेर पडत नाही, पाळी लांबते, कधी काही महिने येतच नाही. बीजकोष धडधाकट असून हे होऊ शकतं. परीक्षेच्या महिन्यात पाळी पुढे गेली असं सांगणाऱ्या मुली नाटक करत नसतात.

झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन कमी होतं. रात्री एकला वडापाव किंवा मॅगी खावीशी वाटते त्यामागे हे आहे. शिवाय इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, आणि जिला आधीच पीसीओएस, म्हणजे संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होण्याचा आजार, आहे तिचं दुखणं त्याने वाढतं. "वजन कमी कर" एवढंच सांगून तिला घरी पाठवणं मला अर्धवट उपचार वाटतो.

आणि रक्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे निम्म्याहून जास्त. आमच्या कॉलेजच्या शिबिरात त्या राधानगरीच्या मुलीचं हिमोग्लोबिन ८.४ निघालं. बारा तरी पाहिजे. लोह कमी असलं की रात्री पडल्यावर पाय वळवळतात, सारखे हलवावेसे वाटतात, झोप लागत नाही. सकाळी जिना चढताना धाप लागते. वर जेवणाबरोबर चहा घ्यायची सवय, म्हणजे भाजी-भाकरीतलं लोहसुद्धा अंगी लागत नाही. चहा जेवणानंतर तास-दीड तासाने घ्या, जेवताना लिंबू पिळून घ्या, हे मी मुलींना सांगत असते. पण ८.४ लिंबाने भरून येत नाही. त्याला डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या लागतात आणि त्या महिनोन्महिने घ्याव्या लागतात. तिच्या गोळ्या सुरू आहेत.

शहरात राहणाऱ्या मुलींची तऱ्हा वेगळी. राजारामपुरीत, शाहूपुरीत कॉट बेसिसवर एका खोलीत चार-पाच जणी. एकीचा पेपर सकाळी असतो, दुसरी एमपीएससीची तयारी करत रात्री दोनपर्यंत लाईट लावून बसलेली, तिसरी कॉलवर. अभ्यासिकेतून रात्री एकटीने परत यायचं म्हणजे जीव मुठीत धरून यायचं. मग खोलीवर पोचल्यावर तासभर तरी झोप लागत नाही. घरून पैसे येतात त्याचं ओझं, एक विषय राहिला तर "बास झालं शिक्षण" म्हणतील ही धास्ती, मागे लागलेला एखादा पोरगा, आणि यातलं घरी काही सांगायचं नाही कारण सांगितलं तर परत बोलावून घेतील. पोरं ताण घेत नाहीत असं मी म्हणत नाही. पण नापास झालास तर तुझं लग्न लावून देतो, असं मुलाला कोणी सांगितल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

आता मोबाईल. पालक सभेत प्रत्येक वेळी गाडी इथेच येऊन थांबते. रात्री डोळ्यांवर उजेड पडत राहिला की झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा पाझरतं, झोप पुढे ढकलली जाते, हे खरं आहे. त्यात वीस वर्षांच्या आसपास शरीराचं घड्याळ निसर्गतःच उशिरा चालतं. मुलं रात्री जागी आणि सकाळी सुस्त असतात त्यात आळशीपणाचा भाग फार थोडा. पण दिवसभर ज्या मुलीला स्वतःचा म्हणून वेळ मिळत नाही, तिला रात्री साडेअकरा ते साडेबारा हा एकच तास आपला वाटतो. तो काढून घेतला तरी पहाटेचे साडेचार तिथेच राहणार आहेत. मोबाईल उशाला ठेवू नको, जरूर सांगा. त्याआधी तिला दिवसाचा एक तास मोकळा द्या.

परीक्षेच्या आदल्या रात्री जागण्याबद्दल मुलींनाच सांगते. दिवसा वाचलेलं मेंदूत पक्कं होण्याचं काम बरंचसं झोपेत होतं. पहाटेपर्यंत घोकून पेपरला गेलात तर वाचलेलं समोर येत नाही, हात थरथरतो आणि वाटतं आपणच ढ. ढ नाही आहात, झोपलेल्या नाही आहात. आणि दहाला घेतलेल्या कॉफीतली निम्मी कॅफीन पहाटे तीनच्या सुमारासही अंगात असते.

हे गाव पोरांना शिकवायला मागे नव्हतं. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग काढलं, पुढे एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला-जेवायला सोय नसेल तर तो शिकणार कसा, हे त्यांना कळलं होतं. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी सरकारने माफ केली, तेही चांगलंच झालं. आता त्या मुलीला धड झोप मिळेल अशी सोय कोणीतरी बघायला हवी. सकाळी साडेसातचं प्रॅक्टिकल बाहेरगावच्या मुलींना का? हजेरीसाठी त्यांना पहाटे घर सोडायला लावून आपण काय मिळवतो? असाइनमेंटची मुदत रात्री बारा कशासाठी, संध्याकाळी सहा ठेवली तर काय बिघडतं? गर्ल्स कॉमन रूममध्ये खुर्च्यांऐवजी दोन कॉट टाकायला किती खर्च येतो?

मुलींनो, तीन महिने पाळी आली नाही, किंवा पॅड तासा-दोन तासाला बदलावं लागतंय, तर सगळं झोपेवर ढकलू नका. थायरॉइड, पीसीओएस, रक्त, सगळं तपासून घ्या. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायला लग्न झालेलं असावं लागत नाही. सणावाराला, पूजेला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून मनानेच आणून घेऊ नका, घरच्यांनी आग्रह केला तरी. झोपेच्या गोळ्या तर मैत्रिणीच्या अजिबात नाहीत. आठवड्यातल्या बऱ्याच रात्री झोप लागत नाही, रडू येतं, जगावंसं वाटत नाही असं होत असेल, तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. जाणं जमत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. घरी कळवायच्या आधीही फोन करता येतो.

आमच्या विभागात प्रॅक्टिकलची बाहेरगावच्या मुलींची बॅच अकराला घ्यावी असं पत्र मी दिलंय. प्रयोगशाळा एकच आहे, वेळापत्रक बसवणं सोपं नाही, हे मान्य. दुपारची एक बॅच मी स्वतः जास्तीची घ्यायला तयार आहे, तेही पत्रात लिहिलंय. कोल्हापुरातल्या, इचलकरंजीतल्या, गडहिंग्लजच्या प्राध्यापक मित्रमैत्रिणींनी आपापल्या कॉलेजात पहिलं प्रॅक्टिकल किती वाजता असतं आणि लांबच्या गावच्या मुली पहाटे किती वाजता घर सोडतात, हे विचारून मला कळवा. पुढच्या बैठकीत ते घेऊन जायचंय.