पिंजऱ्यातल्या विठूविषयी थोडं स्पष्ट

घरात पोपट पाळणं आता बंद व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे. पोस्ट मोठी होणार आहे, पण वाचा.

पुण्यात पेठांमधल्या जुन्या वाड्यांपासून ते नऱ्हे-आंबेगावच्या नव्या सोसायट्यांपर्यंत गॅलरीत टांगलेले पिंजरे अजून दिसतात. ही घरं बहुतेक वेळा मायाळू माणसांची असतात. विठूला पेरूची फोड मिळते, त्याच्यासाठी डाळ भिजत घातली जाते, गावाला जायचं झालं तर शेजारच्या काकूंना चार-चारदा बजावलं जातं. या मायेवर मला शंका नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की त्या पिंजऱ्यात कुणीतरी आहे. त्याला दिसतं, दुखतं, कंटाळा येतो, तो वाट बघतो. आणि हे आता नुसतं हळव्या मनाचं म्हणणं राहिलेलं नाही.

पक्ष्यांच्या मेंदूला आपल्यासारखी घड्या पडलेली बाहेरची साल नसते. त्यावरून बराच काळ असं धरून चाललं गेलं की पक्षी सगळं उपजत ओढीनं करतात, आत विचार वगैरे काही नसतो. मेंदूच्या भागांची नावंसुद्धा याच समजुतीतून पडली होती. 2004 साली तज्ज्ञांच्या गटानं ती नावं रीतसर बदलली, कारण ज्या भागाला कनिष्ठ समजलं जात होतं तोच भाग पक्ष्यांमध्ये आपल्या सालीसारखी कामं करतो हे स्पष्ट झालं होतं. 2016 साली 28 जातींच्या पक्ष्यांच्या मेंदूतल्या पेशी मोजल्या गेल्या. मकाव पोपटाचा मेंदू अक्रोडाएवढा, मकाक माकडाचा लिंबाएवढा, पण विचाराशी संबंधित पुढच्या भागात चेतापेशी मकावच्या जास्त निघाल्या. मेंदू लहान, पण पेशी दाटीवाटीनं भरलेल्या.

याहून मला महत्त्वाचा वाटतो तो जर्मनीतल्या ट्युबिंगेनचा प्रयोग, 2020 साली प्रसिद्ध झालेला. दोन कावळ्यांना पडद्यावर क्षणभर एक चौकोन दाखवायचे, कधी ठळक, कधी इतका पुसट की दिसला न दिसला. कधी दाखवायचेच नाहीत. दिसला की नाही, हे कावळ्यानं सांगायचं. सांगायचं कसं, म्हणजे मान हलवून की स्थिर राहून, हे मात्र त्याला थोड्या वेळानं रंगाच्या खुणेवरून कळायचं. त्यामुळे मधल्या वेळात मेंदूत जे चाललंय ती मान हलवायची तयारी आहे, असं म्हणायला जागा उरत नव्हती. त्या वेळात चेतापेशींची हालचाल पडद्यावर खरोखर काय होतं यापेक्षा कावळ्याला काय दिसलं याच्याशी जुळत होती. तितकाच पुसट चौकोन एकदा ‘दिसला’, एकदा ‘नाही दिसला’, आणि पेशी कावळ्याच्या उत्तराच्या बाजूनं. डोळ्यावर प्रकाश पडणं आणि आपल्याला काही दिसणं यात जो फरक आहे, तो फरक कावळ्याच्या मेंदूतही सापडला.

आपल्याकडे कावळ्याला मन आहे हे कुणाला पटवावं लागत नाही, असं मला नेहमी वाटतं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा घरचा मोठा माणूस हात जोडून मोठ्यानं सांगतो, ‘मुलांचं मी बघेन, काळजी करू नका.’ त्यामागची श्रद्धा ज्याची त्याची, पण समोर ऐकणारं, समजणारं कुणी आहे असं धरूनच आपण बोलतो. आमच्या गच्चीवरचा कावळा वाळलेली चपाती आणतो, पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यात बुडवतो, काठाला धरून ठेवतो, मऊ झाली की खातो. एखादा तुकडा अजून कडक लागला तर परत बुडवतो. हे बघताना ‘उपजत’ हा शब्द मला अपुरा वाटतो.

पोपटाकडे येते. प्राण्यांच्या बुद्धीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संशोधक आयरीन पेपरबर्ग यांनी 1977 साली शिकागोतल्या एका दुकानातून आफ्रिकन करडा पोपट घेतला, त्याचं नाव ॲलेक्स. 2007 साली तो वारला तेव्हा त्याला पन्नासेक वस्तू, सात रंग आणि सहापर्यंतचे आकडे कळत होते. दोन वस्तूंत सारखं काय, वेगळं काय, हे तो सांगायचा, आणि काहीच वेगळं नसेल तर ‘काही नाही’ म्हणायचा. आपण ‘पोपटपंची’ म्हणतो त्यापलीकडचं हे आहे.

पण ॲलेक्सपेक्षा मला जास्त हलवून गेला तो व्हेनेझुएलातला अभ्यास. तिथल्या छोट्या रानपोपटांमध्ये प्रत्येकाची स्वतःची अशी हाक असते, त्या हाकेनं इतर पोपट त्याला ओळखतात. ही हाक येते कुठून? काही घरट्यांमधली अंडी संशोधकांनी अदलाबदल केली. पिल्लांनी उचललेली हाक जन्मदात्यांच्या हाकेसारखी नव्हती, ज्यांनी वाढवलं त्यांच्या हाकेसारखी होती. म्हणजे पिल्लू ढोलीत असतानाच आईबाप त्याला जवळजवळ नावच देतात. 2011 साली हे प्रसिद्ध झालं. आपल्या हिरव्या पोपटांवरचा हा अभ्यास नव्हे, जात वेगळी आहे. पण आपले पोपटही थव्यानं राहतात, सतत एकमेकांशी बोलतात, संध्याकाळी शेकड्यानं एका झाडावर गोळा होतात. विद्यापीठाच्या आवारात सूर्य कलताना जाऊन उभे राहा, कान किटतील.

आमच्या नात्यातल्या एका मामींकडे पोपट आहे. त्याच्यासमोर मी बराच वेळ बसले आहे. तो दांडीवर तीन पावलं डावीकडे सरकतो, मान वर करून एक गोल घेतो, तीन पावलं उजवीकडे, पुन्हा तसाच गोल. मग परत डावीकडे. छातीवरची पिसं त्यानं स्वतः उपटली आहेत, खालची राखाडी कातडी दिसते. डॉक्टरांना कातडीचा आजार सापडला नाही. साडेपाच-सहाला वरून थवा ओरडत जातो तेव्हा त्याचं ते मागंपुढं करणं थांबतं, अंग आवळून तो पिंजऱ्याच्या आभाळाकडच्या बाजूला चिकटतो आणि तीच हाक देतो, जी माणसांसमोर कधी देत नाही. कोंडलेल्या पोपटांमध्ये हे पिसं उपटणं, त्याच त्या हालचाली करत राहणं सर्रास दिसतं. मामींचं त्याच्यावर प्रेम आहे, आणि तरीही हे असं आहे.

यावर एक उत्तर हमखास येतं. कावळा एवढा हुशार, तर दर मे महिन्यात कोकिळा त्याच्या घरट्यात अंडी घालून कशी जाते? प्रश्न रास्त आहे, कोकिळेचं पिल्लू कावळीण खरंच भरवते. पण फसणं म्हणजे जाणीव नसणं नव्हे. ओटीपी सांगून बँकेचं खातं रिकामं करून घेतलेली शिकली-सवरलेली माणसं आपल्या ओळखीत आहेत, त्यांना वेदना होत नाहीत असं कुणी म्हणत नाही. खरं तर हुशारीची मोजपट्टीच मला इथे नको वाटते. पोपटाला आकडे कळोत न कळोत, कोंडून घातल्याचा त्रास होतो की नाही, एवढं मला पुरे आहे.

2012 साली केंब्रिजला मेंदूशास्त्रज्ञांनी जाहीर केलं की जाणिवेला लागणारी मेंदूतली यंत्रणा फक्त माणसाकडे नाही, सस्तन प्राणी आणि पक्षी यांच्याकडेही आहे. एप्रिल 2024 मध्ये शास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञांनी मिळून काढलेल्या न्यूयॉर्कच्या जाहीरनाम्यानं आणखी पुढचं पाऊल टाकलं. सस्तन प्राणी आणि पक्ष्यांना जाणीव असते याला भक्कम आधार आहे, मासे, बेडूक, सरपटणारे प्राणी, ऑक्टोपस, खेकडे, अगदी कीटकांबद्दलही शक्यता खरीखुरी आहे, आणि अशी शक्यता असताना तिच्याकडे डोळेझाक करणं बेजबाबदारपणाचं आहे, असं त्यात म्हटलंय.

‘मग कोंबडी खाता ना?’ हे कमेंटमध्ये येणारच. तो प्रश्न खरा आहे, पोपटापेक्षा मोठा आहे, आणि त्यातून माझीही सुटका नाही. पण पोपटाचा पिंजरा कुणाची भूक भागवत नाही, कुणाचं औषध नाही. तो फक्त आपल्या करमणुकीसाठी आहे, म्हणून तो सोडणं सगळ्यात सोपं आहे.

‘दार उघडं ठेवलं तरी जात नाही हो, इतका लळा आहे’ असंही ऐकते. वर्षानुवर्षं न उडालेल्या पक्ष्याच्या पंखांत ताकद राहत नाही. कित्येकांची पिसं कापलेली असतात. पिसं फुटायच्या आधीच ढोलीतून काढून विकलेल्या पिल्लाला बाहेर काय खायचं, घार आली तर कुठे लपायचं, हे कुणी शिकवलेलंच नसतं. तो जात नाही यात लळा असेलही, पण असहायता नक्की आहे.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपले भारतीय पोपट पकडणं, विकणं, घरात ठेवणं गुन्हा आहे. बजरीगर, लव्हबर्ड परदेशी, त्यांना हा कायदा तसाच लागू होत नाही, पण पक्ष्याला नीट हालचालही करता येणार नाही एवढ्या पिंजऱ्यात ठेवणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली क्रूरताच आहे.

ज्यांच्याकडे आत्ता पोपट आहे त्यांनी कृपा करून भावनेच्या भरात गच्चीवरून सोडून देऊ नका. कावळे आणि मांजरं तासाभरात संपवतील. वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा आणि पक्षी उपचार केंद्रात कसा पोचवायचा ते विचारा. तिथे त्याची तपासणी होते, उडण्याची ताकद येण्यासारखी असेल तर त्याला मोठ्या जाळीत इतर पोपटांसोबत ठेवतात आणि मग सोडण्याचा विचार होतो. आणि पिंजरा रिकामा झाला की तो मोडून भंगारात द्या. ‘चांगला आहे, वापरतील कुणी’ म्हणून दुसऱ्या कुणाला देऊ नका.