तीन दिवसांत गायब म्हणे!

भाच्याच्या कमरेवर, पट्ट्याखाली, गोल लाल चट्टा उठलाय. काल संध्याकाळी त्याला घेऊन नौपाड्यातल्या एका मेडिकलमध्ये गेले. मेडिकलवाल्यानं चट्टा बघितलासुद्धा नाही, ट्यूब काउंटरवर टाकली. "घ्या ताई, तीन दिवसांत गायब." खोकं फिरवून वाचलं: क्लोबेटासोल म्हणजे स्टेरॉइड, एक अँटिबायोटिक, वर बुरशीचं औषध. सगळं एकातच! म्हटलं, यात स्टेरॉइड आहे, चिठ्ठी नको? तर सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणतो, "तुम्ही डॉक्टर आहात का? सगळे हेच नेतात."

सगळे हेच नेतात, म्हणूनच तर सगळे खाजवतायत! २०१८ मध्ये ही स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत म्हणून. कोण विचारतो?

भाच्याचा चट्टा गजकर्णासारखा दिसतो, आणि गजकर्ण म्हणजे बुरशी. स्टेरॉइडनं खाज थांबते, लाली उतरते, माणूस खूश. पण बुरशीशी लढणारी त्वचेची ताकदच दबते आणि बुरशी आतल्या आत पसरते. ट्यूब बंद केली की चट्टा दुप्पट. गेल्या पावसाळ्यात माझ्या आईनं असलीच ट्यूब दोन महिने जांघेत लावली. कातडी कागदासारखी पातळ झाली, वळ उठले. ते वळ अजून तसेच आहेत. कोणाला जाब विचारू?

त्यात शेजारच्या काकू. लिंबू चोळ, लसूण चोळ. अहो, भाजतं त्यानं! मे महिन्यात घामोळं आलं तेव्हाही पावडरचे थर थापायला सांगत होत्या. तुंबलेल्या घामावर पावडरचं लिंपण कशाला? गार पाणी, सैल सुती कपडे, पंखा, बस.

आणि आमच्या घरात चौघांत एक टॉवेल! कपडे तीन दिवस वाळत नाहीत, तरी दमट जीन्स चढवून लोकलला लोंबकळायचं. इस्त्री फिरवा ना निदान! बुरशीचं साधं मलम दिलं तर चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटर लावायचं, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस. चौथ्या दिवशी सोडून देतात आणि वर म्हणतात, औषध लागू पडत नाही.

आज भाच्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चट्टा बघायच्या आधीच विचारलं, "कुठली ट्यूब लावलीत?" कुठलीच नाही म्हटल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, "नक्की?"