चाईवर लसूण चोळायच्या आधी हे वाचा
आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतंय की चाईत, म्हणजे डोक्यावर गोल चट्ट्यात केस जातात त्यात, किडा केस खातो, लसूण चोळा नाहीतर बिब्बा लावा, आठ दिवसात केस येतात, अन डॉक्टर डोक्याला मशीन लावतात ते फक्त बिल वाढवायला. मी सोडून दिलं असतं, पण पारोळ्याला बहिणीने 7 वर्षाच्या भाच्याला खरंच लसूण चोळला, पोरगं रात्रभर रडलं अन सकाळी डोक्यावर फोड.

"किडा खातो" म्हणे. किडा नसतोच हो. चाईत आपलीच प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते. लहान चट्टा असला तर बऱ्याच जणांचे केस काही महिन्यात आपोआप येतात, अन नाव होतं लसणाचं.

"मशीन लावतात". अहो ते डर्माटोस्कोप म्हणजे लाईटवालं भिंग, साधारण 10 पट मोठं दाखवतं, ना सुई ना दुखणं.

"डोळ्याला दिसतं तेच त्यात दिसतं", हे तर साफ खोटं. डॉक्टरांनी भिंग मोबाईलला जोडून आम्हालाच दाखवलं, भाच्याच्या चट्ट्यात तुटके केस स्वल्पविरामासारखे वाकलेले, काही स्प्रिंगसारखे पिळलेले, मधे पांढरे पापुद्रे. चाई असती तर केस उद्गारचिन्हासारखे दिसले असते, वर जाड अन कातडीपाशी बारीक, सोबत काळे-पिवळे ठिपके. म्हणजे पोराला चाई नव्हतीच! थोडे पापुद्रे खरवडून मायक्रोस्कोपखाली पाहिले तर बुरशी निघाली, नायट्याचीच जात. तिला पोटातून गोळ्या लागतात, नुसतं मलम केसाच्या मुळात पोचत नाही, अन चाई समजून मेडिकलवरून स्टिरॉईडचं मलम आणून लावलं असतं तर ती अजून पसरली असती.

भिंगाने सगळंच कळतं असंही नाही, कधी कातडीचा बारीक तुकडा काढून तपासावा लागतो. पण चट्ट्यात केसांची छिद्रंच बुजलेली दिसली तर तिथे व्रण पडतोय, गेलेले केस परत येत नाहीत, राहिलेले वाचवायला घाई लागते, अशात बिब्बा लावत महिना घालवायचा का?

भाच्याच्या गोळ्या चालू आहेत, घरात कंगवे-टॉवेल वेगळे केले, धाकटीचंही डोकं दाखवून आणलं. लसणाने भाजलेलं मात्र अजून भरतंय.